पनवेलच्या खाडीचे बांध

पनवेल शहर समुद्रावर वसलेले नाही, तरी समुद्राचा हात त्याच्यापर्यंत पोहोचतो. माथेरानच्या बाजूने येणारी गाढी नदी शहरालगत खाडीस मिळते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास खाडीचे पाणी उलट तिच्या मुखात शिरते. वरून मुसळधार पाऊस कोसळत असता समोरून भरती आली, म्हणजे नदीस वाट उरत नाही; ती काठावर पसरते. अशा भूमीवर कोणी, कोठे व किती उंचीवर वस्ती करावी हा प्रश्न फार जुना आहे. तो सोडविण्याचा अधिकार मात्र अनेक हातांतून फिरत आला.

खाडीकाठची जी जमीन बांध घालून भरतीपासून सोडविली, तिला खार म्हणतात. बांध मातीचा असून त्यात ठिकठिकाणी उघाडी असते. भरतीच्या दाबाने उघाडीचे दार मिटते आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या रेट्याने ते उघडते. बांधास एका ठिकाणी खांड पडली, तरी खारे पाणी साऱ्या शेतांत पसरते व पुढील हंगामांतही भात धड पिकत नाही. एकाच्या आळसाने साऱ्यांची उपासमार व्हावी अशी ही शेती. म्हणून तिला नियमही कडक हवे होते.

तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः शेजारच्या पेण भागात, शिलोत्री नावाची वहिवाट होती. बाहेरचा मोठा बांध शिलोत्रदाराने राखावा, आतले लहान बांध कुळांनी सांभाळावे, असा तिचा दंडक. या कामाबद्दल सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे एक मण भात शिलोत्रदारास मिळे; त्यास शिलोत्री मण म्हणत. जेथे शिलोत्रदार उरला नाही तेथे तो मण सरकार घेई व बांधही सरकारच राखी. काही खारांत कुळे स्वतःच शिलोत्रदार असत. ही व्यवस्था न्यायाची होती असे म्हणवत नाही. मण घेणारा आणि चिखलात राबणारा हे बहुधा निराळेच. तथापि बांध फुटला तर कोणाच्या दारी जावयाचे, हे प्रत्येक कुळास ठाऊक असे.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील अगदी जुन्यांपैकी. तिचे लक्ष रस्ते, दिवाबत्ती व स्वच्छता यांवर. खारींचा कारभार महसुलाच्या वाटेने चाले. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा करून त्यासाठी मंडळ नेमले, आणि १९७९ साली त्याच्या जागी महाराष्ट्राचा नवा कायदा आला. पण तोवर खारींवर शहर येऊन ठेपले होते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांची जमीन घेतली. सखल जागी भरणी झाली आणि पावसाचे पाणी भरतीच्या वेळी थोपवून धरण्यासाठी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले गेले. त्यांची दारे भरतीस मिटतात व ओहोटीस उघडतात. म्हणजे उघाडीच ती, केवळ भाताऐवजी इमारती राखणारी! हॉलंडात मात्र तेराव्या शतकापासून बांध राखणारी स्थानिक मंडळे आहेत, ती आजही स्वतःचा कर बसवितात व त्यांचे बहुतेक सभासद लोकच निवडून देतात. आपण दार आणले, मंडळ आणले नाही.

१९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्राने किनारा नियमन अधिसूचना काढली. तिच्या २०११ च्या आवृत्तीत खाडीकाठी शंभर मीटर अथवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जो कमी तो पट्टा नियंत्रित होता. २०१९ साली शंभराचे पन्नास झाले. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीस मनाई केली. ती योग्यच होती. परंतु वाशी-नेरूळकडील धारण तलावांत गाळ साचून त्यावरही कांदळ उगवले होते, त्यामुळे गाळ उपसण्यासही परवानगीची वाट पाहणे आले. त्याच वर्षीच्या २६ जुलैस सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पनवेलनेही महापूर पाहिला.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली तिच्या हद्दीत आले. तथापि खाडीकाठच्या बांधकामास किनारा नियमनाची मंजुरी द्यावयाची ती राज्याच्या किंवा केंद्राच्या पातळीवर. विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला, टेकडी फोडून भरणी झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटनही झाले. या भरावामुळे पावसाळ्यात पाणी घरांत शिरते, अशी तक्रार त्याआधी कित्येक वर्षे शेजारच्या पारगाव व डुंगी येथील गावकरी करीत आले. ती घेऊन ते ग्रामपंचायतीत थांबले नाहीत, सिडकोकडे गेले. कारण भरणी किती उंच असावी हे पंचायतीस कोणी विचारलेच नव्हते.