शिंगणापूरच्या चौथऱ्याच्या वादात ‘स्त्रीवादी’ नक्की कोण होतं?

“मी काही स्त्रीवादी वगैरे नाही, पण मुलींना समान हक्क मिळायलाच हवेत.” हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल. कदाचित स्वतः म्हणालाही असाल. समान हक्क सगळ्यांना हवेत, पण त्या मागणीला जे नाव आहे ते लावून घ्यायला अनेक जण कचरतात. असं का होतं, हे समजून घ्यायला अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं एक प्रकरण फार उपयोगी आहे.

नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. इथल्या शनिदेवाला गाभारा नाही की कळस नाही. उघड्या चौथऱ्यावर एक काळी शिळा उभी आहे. या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, लांबूनच दर्शन घ्यायचं, अशी परंपरा होती. तिला विरोधही जुनाच आहे. 2000 च्या सुमारास डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने यावर आंदोलन केलं होतं. पण देशभर गाजावाजा झाला तो नोव्हेंबर 2015 च्या अखेरीस. एक तरुणी थेट चौथऱ्यावर चढली, दर्शन घेतलं आणि निघून गेली. सीसीटीव्हीचं फुटेज व्हायरल झालं. गावात बंद पाळला गेला आणि शिळेला दुधाचा अभिषेक घालून ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं.

ती तरुणी स्वतःला स्त्रीवादी म्हणवत होती का, हे कुणी विचारलंही नाही. तिच्या नावावर पुढचे चार-पाच महिने बाकीचे लोक भांडत राहिले.

एकच प्रश्न, बायका मात्र वेगवेगळ्या बाजूंना

पहिल्या होत्या पुण्याच्या तृप्ती देसाई आणि त्यांची भूमाता रणरागिणी ब्रिगेड. नाव नीट वाचा. त्यात ‘स्त्रीवाद’ कुठेच नाही. भूमाता आहे, रणरागिणी आहे, म्हणजे सगळी मराठी मातीतली, पोवाड्यातली भाषा. 26 जानेवारी 2016 ला या महिला पुण्याहून निघाल्या. हेलिकॉप्टरने उतरू, असाही इशारा दिला होता. पोलिसांनी त्यांना पारनेर तालुक्यातल्या सुप्यातच अडवलं, शिंगणापूरपासून बऱ्याच अलीकडे. त्यांची मागणी साधी होती: आम्ही भक्त आहोत, आम्हालाही पुरुषांसारखं दर्शन घेऊ द्या.

दुसऱ्या बाजूलाही बाईच होती. त्याच जानेवारीत देवस्थानाच्या अध्यक्षपदी अनिता शेटे निवडून आल्या. देवस्थानाच्या इतिहासातल्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांची भूमिका काय होती? परंपरा चालू राहिली पाहिजे. पुढे एप्रिलमध्ये आंदोलक महिला पुन्हा आल्या तेव्हा त्यांना अडवायला गावातल्या बायकाही रस्त्यावर होत्या.

इथे अनेकांची गल्लत होते. खुर्चीवर बाई बसली म्हणजे स्त्रीवाद आला, असं होत नाही. आणि परंपरेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बायका म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेल्या बाहुल्या, असं म्हणणंही त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांना त्यांचं मत होतं. शिंगणापूरच्या बाईला चौथऱ्याखालून हात जोडायचे असतील तर तिला वर चढवायला कुणी जाणार नव्हतं. प्रश्न एवढाच होता की, ज्या बाईला चढायचं आहे तिला ही बाई किंवा गावातले पुरुष अडवू शकतात का?

तिसरी बाजू सगळ्यात मजेशीर आहे. कोर्टात गेल्या त्या विद्या बाळ. ‘स्त्री’ मासिकाच्या एकेकाळच्या संपादक, 1982 मध्ये नारी समता मंच आणि 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू करणाऱ्या. स्वतःला उघडपणे स्त्रीवादी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रातल्या ठळक नावांपैकी एक, आणि त्यात नास्तिक! त्यांना शनीचं दर्शन नको होतं. तरी त्यांनी ॲड. नीलिमा वर्तक यांच्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली.

मग टीका सुरू झाली. “देवच मानत नाही तर चौथऱ्याशी काय देणंघेणं?” काही पुरोगामी मंडळीही म्हणाली की, बायकांना दगडाला तेल घालायला मिळालं तर त्यात कसली मुक्ती? ऐकायला बिनतोड वाटतं. पण नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 मध्ये सुरू झाला, तेव्हाही मुद्दा देव पावण्याचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीने आत जाण्याचा होता. आपल्याला जायचं असो वा नसो, ‘तू बाई आहेस म्हणून नाही’ ही पाटी निघाली पाहिजे, एवढंच विद्या बाळ यांच्या याचिकेचं म्हणणं होतं. स्त्रीवादाची याहून सोपी व्याख्या शोधायची गरज नाही.

कोर्टाने काय सांगितलं?

महाराष्ट्रात 1956 पासून एक कायदा आहे, हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थळांमध्ये प्रवेशाचा. मंदिरं सगळ्या जाती-वर्गांच्या हिंदूंना खुली व्हावीत म्हणून तो झाला. प्रवेश अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. मार्च 2016 च्या शेवटी उच्च न्यायालयाने विचारलं की, पुरुषांना जाता येतं तिथे बायकांना अडवणारा कायदा आहे कुठे? 1 एप्रिलला, राज्य सरकारने या कायद्याची अंमलबजावणी करण्याची हमी दिल्यावर, याचिका निकाली निघाली.

देवस्थानाने यावर एक पळवाट काढली होती: पुरुषांनाही चौथऱ्यावर बंदी. म्हणजे कुणीच चढायचं नाही, झाली समानता! ही ‘समानता’ 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याला मोडली. पाडव्याला गोदावरीचं पाणी आणून शिळेला घालायची गावात प्रथा आहे. बंदी झुगारून गावातले पुरुष चौथऱ्यावर चढले आणि अभिषेक केला. मग बायकांना कोणत्या तोंडाने अडवणार? त्याच दिवशी देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. संध्याकाळपर्यंत महिलांनी वर जाऊन दर्शन घेतलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या हाजी अली दर्ग्याबद्दलही उच्च न्यायालयाने महिलांच्या बाजूने निकाल दिला.

मग या शब्दाची एवढी भीती का?

एक कारण म्हणजे ‘स्त्रीवाद म्हणजे पुरुषद्वेष’ हा समज. याला उत्तर द्यायला नगर जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा अहमदनगरला होती. ती पाहून जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं आणि 1848 मध्ये ती काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही मिस फरार यांच्याकडेच. एका पुरुषाने आपल्या बायकोसोबत केलेलं हे काम पुरुषद्वेषात कसं बसवणार?

‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ असंही म्हटलं जातं. ‘फेमिनिझम’ हा शब्द आजच्या अर्थाने इंग्रजीत रुळला तो साधारण 1890 च्या दशकात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 चं आहे. नाव बाहेरून आलं असेल, भांडण इथलंच होतं.

तिसरी तक्रार मात्र खरी आहे आणि ती बाजूला सारता येत नाही. हा शब्द बराच काळ शहरातल्या, शिकलेल्या, सवर्ण बायकांचा वाटत आला. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचं काम ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ असं ठासून सांगावं लागलं. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. तिथेही भाषा लक्ष्मीची होती, स्त्रीवादाची नाही. म्हणजे शब्द न वापरता काम झालं, आणि शब्द वापरणाऱ्यांच्या ते कधीकधी नजरेतही आलं नाही.

शब्द घ्यायचा की नाही?

सक्ती कुणाचीच नाही. पण ‘मी स्त्रीवादी नाही, पण…’ म्हणणाऱ्यांनी त्या ‘पण’च्या पुढचं तपासून घ्यावं. त्याची परीक्षा चौथऱ्यावर क्वचित होते, घरात मात्र कायम होते. वडिलांच्या जमिनीचं उदाहरण घ्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट गेली. वडील 2005 पूर्वी वारले असतील तर काय, हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यात संपवला. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असणं गरजेचं नाही, मुलीचा हक्क जन्मानेच येतो.

कायदा इतका स्पष्ट असूनही वारसनोंद झाली की बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं जातं. सही केली की माहेर टिकतं, वाटा मागितला की ती ‘फार शिकली’. सही करायची की नाही, हा सर्वस्वी तिचा निर्णय आहे आणि हक्कसोड करण्याचं बंधन कोणत्याही कायद्यात नाही. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर भावाशी बिनसलं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती झाली होती, हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याआधी सातबारा आणि फेरफार स्वतः वाचून घ्यावा. दोन्ही ऑनलाइन मिळतात.