घोडबंदरवर रात्री इतके ट्रेलर येतात कुठून, आणि ते दुसऱ्या रस्त्यानं का जात नाहीत?

रात्रीचे साडेदहा वाजलेत. माजिवड्याहून घोडबंदरकडे निघालेली गाड्यांची रांग जागची हलत नाही. उजवीकडे ट्रेलर, डावीकडे ट्रेलर आणि मधल्या फटीतून स्कूटरवाले जीव मुठीत धरून वाट काढतायत. कुणीतरी फोटो काढून टाकतं. कॅप्शन ठरलेलं असतं, "एवढ्या मोठ्या गाड्या शहरात सोडतातच कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गंमत म्हणजे ट्रेलरच्या केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचाही हाच प्रश्न असतो. त्याला ठाण्यात काही काम नसतं. कंटेनर न्हावा शेवा बंदरातून उचललेला असतो आणि उतरवायचा असतो वापीला, सुरतला, नाहीतर अहमदाबादला. ठाणे फक्त वाटेत येतं.

मग तो ठाणं टाळत का नाही? ट्रेलरचा रस्ता ठरवणं आणि मोटारीचा रस्ता ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटारवाला नकाशा उघडतो आणि निळ्या रेषेवरून निघतो. ट्रेलरवाल्याला त्याआधी चार गोष्टी तपासाव्या लागतात: गाडी तिथून वळेल का, पुलाखालून जाईल का, त्या वेळी तिथं परवानगी आहे का, आणि अडकलो तर थांबायला जागा आहे का.

आधी गाडी समजून घेऊ

पुढचं इंजिन आणि केबिन असलेलं धूड म्हणजे घोडा. त्याच्यामागे जोडलेला लांब सांगाडा म्हणजे ट्रेलर. त्यावर चाळीस फुटी कंटेनर ठेवला की तो एकटाच १२.१९ मीटर लांब भरतो. घोड्यासकट सगळी गाडी १६ ते १८ मीटरपर्यंत जाते. म्हणजे चार छोट्या मोटारी एकामागोमाग उभ्या केल्यासारखं. भरलेल्या कंटेनरचं वजन ३० टनांच्या घरात जाऊ शकतं.

खरी अडचण वळताना येते. ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. शाळेतला पायथागोरस आठवा. घोडा आणि ट्रेलर जिथं जोडलेत ती जागा १२ मीटर त्रिज्येच्या गोलात फिरतेय आणि मागचे एक्सल तिच्यापासून ९ मीटर मागे आहेत असं धरलं, तर पूर्ण वळणात मागची चाकं जवळपास ८ मीटर त्रिज्येच्या गोलात फिरतात. म्हणजे तब्बल ४ मीटर आत. एक अख्खी लेन! म्हणूनच डावीकडे वळणारा ट्रेलर आधी उजवीकडे जातो. मागच्या स्कूटरवाल्याला वाटतं, डावीकडे जागा झाली, घुसा. आणि नेमकी तीच जागा काही सेकंदांत ट्रेलरची मागची चाकं व्यापणार असतात.

दुसरी अडचण उंचीची. साधा कंटेनर २.५९ मीटर उंच, 'हाय क्यूब' प्रकारातला २.९० मीटर. खालचा सांगाडा जमिनीपासून दीड मीटर धरला तर माथा ४.४ मीटरवर जातो. महामार्गांवर हलक्या वाहनांसाठी जे छोटे भुयारी मार्ग बांधतात त्यांची उंची साधारण ४ मीटर असते. चुकून एक वळण सुटलं, तर मोटारवाला पुढच्या भुयारी मार्गातून यू-टर्न मारून परत येतो. ट्रेलरवाल्याला मोठा पूल किंवा मोठा चौक येईपर्यंत पुढंच जावं लागतं. आपण रोज वापरतो ते मॅप ॲप या दोन्ही गोष्टी विचारत नाही. त्याच्या लेखी तुम्ही मोटारीतच बसलेले असता. गल्लीतून सात मिनिटं वाचतायत म्हणून ते बिनदिक्कत गल्ली सुचवतं. त्या गल्लीत शिरलेला ट्रेलर मग रिव्हर्स घेताना अर्धं गाव जागं करतो.

नकाशातली खरी गोची: खाडी

जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झालं. मुंबई बंदरावरचा, पर्यायानं मुंबई शहरातला मालवाहतुकीचा ताण कमी करणं हा त्यामागचा एक मोठा हेतू. तो साधलाही. पण बंदर उरणला, म्हणजे ठाणे खाडीच्या दक्षिण-पूर्व अंगाला, आणि गुजरातचा रस्ता उत्तरेला. मध्ये पारसिकचे डोंगर आणि उल्हास नदीची रुंद खाडी. ही खाडी ओलांडायला अवजड गाड्यांना झेपतील असे पूल मोजकेच. वाट कुठलीही घ्या, शेवटी त्यातल्याच एखाद्या पुलावर यावं लागतं.

ट्रेलरचा नेहमीचा प्रवास असा: बंदरातून कळंबोली, तिथून तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास आणि मग खारेगाव. खारेगावला रस्ता फुटतो आणि ड्रायव्हरचा खरा निर्णय इथं होतो.

डावीकडे गेलं तर साकेत पुलावरून माजिवडा, मग घोडबंदर रोड. साधारण २० किलोमीटरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. रस्ता रुंद, पण दोन्ही बाजूंना टॉवर, मॉल, शाळा, मध्ये मेट्रोचं काम आणि शेवटी गायमुखचा चिंचोळा घाट. घाटात एक ट्रेलर बंद पडला की मागे ठाण्यापर्यंत रांग. घाट उतरून महामार्गाला लागलं की लगेच वर्सोव्याचा खाडीपूल. तिथली जुनी कोंडी २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाल्यावर सैल झाली. पण २०२४ मध्ये त्याच महामार्गावर काँक्रीटच्या थराचं काम निघालं आणि गाड्या पुन्हा तासन्‌तास उभ्या राहू लागल्या.

उजवीकडे गेलं तर खाडी ओलांडून माणकोली, भिवंडी. तिथून दोन वाटा. एक अंजूरफाटा-कामणमार्गे चिंचोटीला महामार्गावर निघते. ती जवळची, पण गावांमधून जाणारी. दुसरी भिवंडी-वाडा-मनोर. ती थेट मनोरला निघते, म्हणजे घोडबंदर, वर्सोवा पूल, वसई-विरार सगळंच टळतं. गुजरातला जाणाऱ्या गाडीसाठी अंतरातही मोठा फरक पडत नाही.

मग सगळे वाड्यावरून का जात नाहीत? खड्डे. हा रस्ता त्यासाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे आणि पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ३० टनांचा कंटेनर घेऊन खड्ड्यातून जाणं म्हणजे टायर, पाटे आणि माल, तिन्हींवर जुगार. रात्री गाडी बंद पडली तर वाड्याच्या रस्त्यावर क्रेन मिळायला किती वेळ लागेल हे ड्रायव्हरला पक्कं ठाऊक असतं. ठाण्याची कोंडी त्रासदायक असली तरी तिचा अंदाज बांधता येतो, खड्ड्याचा येत नाही. म्हणून बरेच जण कोंडी निवडतात.

घड्याळच नकाशा आहे

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, सगळीकडे अवजड वाहनांना सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंदी असते. साधारणपणे दुपारी काही तास आणि रात्री उशिरा ते पहाट अशी मुभा मिळते. नेमक्या वेळा वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेनुसार बदलतात. गायमुख घाटाची दुरुस्ती निघाली की बंदी वाढते, गणपतीत वाढते, सलग सुट्ट्या आल्या की एक्स्प्रेसवेवर वाढते. त्यामुळे मागच्या महिन्यात चाललेला प्लॅन या महिन्यात चालेलच असं नाही.

आता सुरुवातीच्या साडेदहाच्या कोंडीकडे या. बंदी उठायची वाट पाहत संध्याकाळपासून शेकडो ट्रेलर रस्त्याच्या कडेला, ढाब्यांवर, टोलनाक्यांजवळ थांबलेले असतात. मुभा सुरू झाली की सगळे एकदम सुटतात. म्हणजे बंदीनं दिवसाची गर्दी हलकी होते, पण तिचा मोठा हिस्सा रात्रीच्या पहिल्या तास-दीड तासात येऊन साचतो. नेमका तेव्हाच ऑफिसची उशिराची शिफ्ट संपवून घरी निघालेला माणूसही रस्त्यावर असतो.

मुरलेला ट्रान्सपोर्टवाला म्हणून मुभा सुरू होण्याची वेळ धरत नाही. तो त्यानंतरचा दीड-दोन तास धरतो आणि तिथून उलटा हिशोब करतो. माजिवडा मध्यरात्रीनंतर पार करायचा असेल तर बंदरातून कधी निघायचं, जेवण कुठं, डिझेल कुठं. आणि पुढचाही हिशोब असतो. ठाणं रात्री दोनला सुटलं तर पहाटे वापी, मग सुरतच्या बाजूनं जाणारी सकाळची गर्दी लागणार की नाही, भरूचला कितीला पोचणार. भरूचला नर्मदेवर २०१७ मध्ये नवा केबल-स्टेड पूल झाला, त्याआधी त्या एका ठिकाणी अख्खा दिवस जाऊ शकायचा.

उलट दिशेनं बंदराकडे येणाऱ्या ट्रेलरला एवढी मोकळीक नसते. निर्यातीचा कंटेनर जहाजाच्या ठरलेल्या मुदतीआधी बंदराच्या गेटमधून आत गेला नाही, तर जहाज निघून जातं. माल पुढच्या जहाजावर, वरचा खर्च कुणाच्या माथी यावरून फोनाफोनी, आणि पहिला फोन ड्रायव्हरला. त्याला वाटेत दोन तास डोळा लागला होता हे कोण ऐकून घेणार?

ही झोपेची बाब नेहमी सुटते. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातलेली होती. पण बंदीत उभं राहिलेले सहा तास ही विश्रांती धरायची की काम? गाडी सोडून जाता येत नाही, डिझेलचोरीची भीती, केबिन तापलेली, शौचालय कुठं ते माहीत नाही. ते सहा तास संपले की चाक पुन्हा हातात, आणि आता वेळ भरून काढायची असते.

बायपासला शहर गाठतंच

शहर टाळायचा सर्वमान्य उपाय म्हणजे बायपास. पण आपल्याकडे बायपास झाला की त्याच्या कडेनं प्लॉट पडतात, आणि पंधरा-वीस वर्षांत तो शहराचा मुख्य रस्ता होतो. घोडबंदरचं हेच झालं. पुण्याचा कात्रज-देहूरोड बायपासही तसाच. एकेकाळी शहराबाहेरचा, आज बावधन, वारजे, नऱ्हे, आंबेगाव त्याच्या दोन्ही अंगांना.

तिथं साताऱ्याकडून येणारा ट्रेलर नवीन कात्रज बोगदा ओलांडून नवले पुलाकडे लांब उतारावर लागतो. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका अवजड वाहनानं जवळपास ४८ वाहनांचं नुकसान केलं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणं किंवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं ही जुनी सवय अशा जागी जीव घेते. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद म्हणजे प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की साठा कमी होत जाणार. न्यूट्रल म्हणजे इंजिनाची ओढ गेली, सगळं वजन एकट्या ब्रेकवर. उताराच्या तळाशी मोकळा माळ असता तर कदाचित निभावलं असतं. तिथं आता शहर आहे.

मुंब्रा बायपासचा धडा वेगळा. २०१८ च्या उन्हाळ्यात तो दुरुस्तीसाठी काही महिने बंद ठेवला. बंदराच्या गाड्या ऐरोलीकडे आणि इतर रस्त्यांवर वळवल्या आणि नवी मुंबई, ठाणे, कल्याण सगळीकडे त्याचे धक्के बसले. एवढ्या मोठ्या बंदराची उत्तरेकडची वाहतूक डोंगराला चिकटलेल्या एका रस्त्यावर किती टेकलीय, हे तेव्हा कळलं.

समृद्धी महामार्ग हा अलीकडचा दिलासा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे टप्प्यानंतर पूर्ण झाला. नागपूरला जाणाऱ्या ट्रेलरला आता कसारा घाट नको, नाशिक नको, संभाजीनगरची गर्दी नको. फक्त आमणे आहे भिवंडीजवळ, आणि बंदरातून आमण्याला जायला पुन्हा शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली. एका पुढारलेल्या रस्त्याचा दरवाजा त्याच जुन्या नळीच्या तोंडाशी उघडतो.

पवनचक्कीची पाती किंवा कारखान्याचे मोठे बॉयलर नेणाऱ्या ट्रेलरची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्यासाठी आधी माणूस जाऊन प्रत्येक वळण, पूल आणि वायर मोजून येतो, परवानग्या निघतात, मग गाडी हलते. जीएसटीच्या ई-वे बिलातही हा फरक दिसतो. साध्या मालाला दिवसाला २०० किलोमीटर, अशा अवाढव्य मालाला दिवसाला फक्त २० किलोमीटर धरतात.

गुजरातच्या ट्रेलरला ठाण्यातून पूर्ण बाहेर काढणारा रस्ता कागदावर आहे आणि त्याचं बांधकामही हाती घेतलेलं आहे. वडोदरा-मुंबई एक्स्प्रेसवेचा फाटा बदलापूरकडून माथेरानच्या डोंगराखालच्या चार किलोमीटरहून थोड्या लांब जोडबोगद्यातून पनवेलकडे, बंदराच्या दिशेनं उतरतो. त्यानं मुंब्रा, खारेगाव आणि घोडबंदर तिन्ही टळतात. तोवर घोडबंदरला राहणाऱ्यांनी एवढं करता येईल: मुभा सुरू झाल्यानंतरचा पहिला तास टाळता आला तर टाळा, आणि स्कूटरवर असाल तर वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला, मग जागा कितीही मोकळी दिसो, जाऊ नका.