गोदामातील उंदरांसाठी छर्र्याची बंदूक: घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती?

सोयाबीन, हरभरा किंवा ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लागली की थोड्याच दिवसांत फळीवर लेंड्या दिसू लागतात. औषध ठेवावे तर गोठा शेजारी, कोंबड्या मोकळ्या, घरात लहान मुले. अशा वेळी 'एअरगन घेतली तर काम होईल का?' असा प्रश्न अनेक शेतकरी विचारतात. काम होते, पण थोडेच, आणि ठरावीक जागीच. ते कुठे होते आणि कुठे होत नाही हे खरेदीपूर्वीच समजून घ्या.

बंदुकीने संख्या कमी होत नाही

उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच ते आठ पिल्ले होतात आणि धान्य मिळत राहिले तर वर्षातून अनेक वेते होतात. रात्री दोन उंदीर टिपून हा हिशोब जुळत नाही. संख्या कमी करतात ती तीन कामे: वाट बंद करणे, सापळे आणि आमिष. घरातला मोठा उंदीर अर्ध्या इंचाच्या फटीतून आत येतो, लहान उंदराला तर ६ मिमीची फटही पुरते. म्हणून दाराखालची फट बुजवून लाकडी दाराच्या तळाला फूटभर पत्रा ठोकावा, थप्पी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब ठेवावी. नवे गोदाम बांधत असाल तर जोते अडीच-तीन फूट उंच घ्या आणि पायऱ्या भिंतीला जोडू नका.

बंदुकीचा उपयोग शेवटच्या दोन-चार उंदरांसाठी. झिंक फॉस्फाइडचे आमिष एकदा खाऊन आजारी पडलेला पण वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. काही उंदीर सापळ्याच्या वाटेनेच जात नाहीत. असे बिलंदर उरले, आणि जनावरांच्या पेंडीजवळ ब्रोमाडिओलोनची वडी ठेवायला मन धजत नसेल, तर नेमका एक छर्रा हा स्वच्छ उपाय ठरतो. गव्हाणी घुबडाचाही एक मुद्दा आहे. या पक्ष्याच्या नावातच गव्हाण आहे, आणि तो आपल्या गोठ्याभोवती रात्रभर फुकट राखण करतो. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो. तो घुबडाने खाल्ला तर विष घुबडाच्याही पोटात जाते.

दिसतो तो उंदीर टिपायचा नसतो

गोदामात उंदीर सर्वांत जास्त दिसतो तो वाशांवर आणि पत्र्याखाली. नेमका तोच मारायचा नाही. वर मारलेला छर्रा चुकला की सिमेंटच्या पत्र्याला तडा देतो, पातळ पत्र्याला भोक पाडतो किंवा लोखंडी कैचीवर आपटून खाली परततो. पत्र्यातून बाहेर गेलेला छर्रा कुठे पडेल याचा भरवसा नाही. मोकळ्यावर तो दोनशे मीटरपलीकडेही जाऊ शकतो. पावसाळ्यात गळणाऱ्या एका भोकाने पोतेभर हरभरा काळा पडला, तर उंदराने तेवढे खाल्ले नसते.

त्याऐवजी उंदराला आपल्या जागेवर आणा. वाळूने गच्च भरलेली दोन पोती भिंतीशी उभी करा, त्यांच्यासमोर जमिनीवर खोबऱ्याचा तुकडा किंवा शेंगदाण्याचा कूट ठेवा. तीन-चार रात्री नुसते खाऊ द्या, बंदूक काढूच नका. उंदीर तिथे थांबून खायला लागला की सहा ते दहा मीटरवर बसून, बंदूक पोत्यावर टेकवून, छर्रा नेहमी वाळूत जाईल अशा रेषेत नेम धरा. टॉर्चला लाल कागद लावला तर उंदीर कमी बुजतात. पळत्या उंदरावर कधीही मारू नका. जखमी उंदीर थप्पीत शिरून मरतो आणि आठवड्याने वासावरून सापडतो. शिवाय त्याला तसे तडफडत सोडणे बरोबरही नाही.

घुशीची गोष्ट वेगळी आहे. मोठी घूस अर्धा किलोच्या पुढे भरते, कातडी जाड, आणि ती जोत्याखालच्या बिळातून येते-जाते. परवाना न लागणाऱ्या बंदुकीने तिचा भरवसा धरू नये. तिच्यासाठी बिळाच्या तोंडाशी मोठा पिंजरा लावा आणि बीळ फोडून काचेचे तुकडे मिसळलेल्या सिमेंटने बंद करा.

कोणती घ्यायची

आधी कायदा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत (४.५ मिमी) नळी आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना हवा. दुकानदार 'जास्त ताकदीची' म्हणून ०.२२ दाखवतो, ती या मर्यादेबाहेर जाते. पावतीवर नळीचा व्यास आणि ऊर्जा लिहून घ्या, पत्त्याचा पुरावा द्या, आणि शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा.

जाहिरातीत ऊर्जा क्वचित लिहिलेली असते, वेग मात्र मोठ्या अक्षरात असतो. हिशोब सोपा आहे: छर्र्याचे वजन ग्रॅममध्ये, गुणिले वेग, गुणिले पुन्हा वेग, भागिले २०००. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २०० मीटर वेगाने सुटला तर १० ज्यूल, २८० मीटरने सुटला तर १९.६ ज्यूल. 'हजार फूट वेग' म्हणजे सुमारे ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमला तो खरोखर मिळाला तर २३ ज्यूल होतात, म्हणजे परवान्याची हद्द. बऱ्याचदा तो आकडा फार हलका छर्रा घालून काढलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

गोदामाच्या आत १० ते १२ ज्यूल पुरेसे आहेत. त्याहून जास्त ताकद उंदराला लागत नाही, पण भिंतीला, पत्र्याला आणि परतून आपल्यालाच लागते. नळी मोडून भरायची साधी स्प्रिंगची बंदूक माझ्या मते यासाठी सर्वांत बरी. पंप नको, सिलिंडर नको, दुरुस्ती तालुक्याला होते. गॅसच्या नळकांड्यावर चालणारी घेऊ नका; थंडीत गॅसचा दाब उतरतो आणि गोदामातले उंदीर जास्त त्रास देतात ते नेमके हिवाळ्यात. आधीच दाबून भरलेल्या हवेच्या महागड्या बंदुका स्पर्धेसाठी ठीक, दहा मीटरच्या खोलीत त्यांचे काम नाही.

दुर्बीण (स्कोप) घेण्याची घाई करू नका. स्वस्त दुर्बिणीतून आठ-दहा मीटरवरचे धूसर दिसते. शिवाय दुर्बीण नळीच्या वर दीड-दोन इंच असल्याने अगदी जवळ छर्रा नेमाच्या खाली लागतो. साधा उघडा नेम बरा. छर्रा शिशाचा, चपट्या तोंडाचा घ्या. पोलादी गोळ्या काँक्रीटवरून उलट येतात. त्या या कामासाठी घरात आणूच नका.

खरेदीनंतर आठ मीटरवर पुठ्ठा लावून पाच छर्रे मारा. पाचही रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसत नाहीत तोवर उंदरासमोर बसू नये.

हे टाळाच

चिचुंद्री उंदीर नव्हे. लांब नाकाची, चीं-चीं करत भिंतीकडेने जाणारी ही प्राणी झुरळे-किडे खाते, धान्य पोखरत नाही. तिला सोडून द्या. धामण, घोरपड, मुंगूस, घुबड, साळुंखी, पोपट, वानर यांच्यावर बंदूक रोखणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, बंदूक बिनपरवान्याची असली तरीही. पारव्यांसाठी खिडक्यांना जाळी लावा.

जनावरे बांधलेल्या गोठ्यात बंदूक वापरू नका. शिशाचा छर्रा कडब्यात किंवा पेंडीत पडला आणि गाईच्या पोटात गेला तर शिशाची विषबाधा होऊ शकते. मारलेले छर्रे मोजा, तेवढे वाळूतून वेचून काढा. पोती महिन्यातून एकदा चाळा.

स्प्रिंगची बंदूक भरताना मोडलेली नळी एका हाताने धरूनच छर्रा बसवा. सुटली तर बोटे चिरडतात. छर्रा न घालता घोडा ओढल्याने स्प्रिंग आणि सील खराब होतात, आणि ताणून ठेवलेली बंदूक रात्रभर तशीच ठेवणे तर धोक्याचे. चष्मा घाला, कारण डोळ्याला लागलेला छर्रा डोळा घेऊन जातो. बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवा, मुलांना किल्ली माहीत नसावी.

मेलेला उंदीर हातमोजे किंवा पिशवी घालूनच उचला, लघवी सांडलेली फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, माणसालाही आणि गुरांनाही. कोकणात पावसाळ्यात याचे रुग्ण दरवर्षी आढळतात. उंदीर विहिरीपासून दूर, दोन फूट खोल खड्ड्यात पुरा. आधी विषारी आमिष वापरले असेल तर कुत्र्या-मांजराच्या तोंडी तो लागणार नाही याची खात्री करून वर दगड ठेवा.