घरचे दप्तर



आजच्या व्याख्यानासाठी मी 'घरचे दप्तर' हा विषय कळविला, तेव्हा एका सभासदांनी मला विचारले की, हे व्याख्यान शाळकरी मुलांच्या पाठीवरील ओझ्यासंबंधी आहे काय? प्रश्न गमतीचा असला तरी अगदीच अप्रस्तुत नव्हता. 'दफ्तर' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला तो लेखी कागदांचा संग्रह या अर्थाने. पेशवाईत दप्तर म्हणजे राज्याच्या हिशेबाचे व पत्रव्यवहाराचे भांडार, आणि दप्तरदार हा मोठ्या मानाचा अधिकारी. तोच शब्द पुढे मुलांच्या पाटीपुस्तकांच्या पिशवीस लागला. या दोन अर्थांच्या मध्ये त्याचा तिसरा अर्थ आहे, तो म्हणजे कुटुंबाचे कागद. आज मला बोलावयाचे आहे ते या तिसऱ्या दप्तराविषयी. ते कसे राखले जात असे, कशामुळे नष्ट होत असे, आणि घरातील कोणास त्याची माहिती असे, हे पाहिल्याखेरीज आज आपल्या कपाटांतून काय चालले आहे त्याचा नीट उलगडा होत नाही.

जुन्या घरांतील कागद चौकोनी कापडात बांधलेले असत. त्या बांधणीस रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. वतनदाराच्या घरी दोनचार असत. त्यांत काय असे? सनदा, वतनपत्रे, निवाडपत्रे, वाटणीपत्रे, खरेदीखते, गहाणखते, हिशेबाच्या याद्या आणि नातलगांची पत्रे. कागदाचे लांब बंद एकमेकांस चिकटवून त्यांची गुंडाळी करीत. मधला एखादा बंद काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून जोडावर पाठीमागे शिक्का उठवीत. मजकूर संपला तेथे मोर्तब करीत, म्हणजे त्याखाली कोणास एक ओळही वाढविता येऊ नये. कचेरीत नोंद झाल्याची खूण पाठीवर होई. बनावट कागदाची धास्ती त्या काळी आजच्याइतकीच होती आणि तिच्यावरचे उपायही कमी कसून योजलेले नव्हते.

परंतु मला त्या पद्धतीतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. इनामाची सनद दिली म्हणजे इनामदारापुरते एकच पत्र निघत नसे. मामलेदार, परगण्याचे देशमुख-देशपांडे, गावचे मोकदम यांनाही त्याच आशयाची पत्रे जात. त्या पत्रांच्या शेवटी बहुधा अशी आज्ञा असे की, पत्राची नक्कल उतरून घ्यावी आणि मूळ पत्र भोगवट्यासाठी इनामदारास परत द्यावे. एकच हक्क अशा रीतीने चार ठिकाणी नोंदला जाई. मूळ कागद ज्याचा त्याच्यापाशी, आणि नकला अशा ठिकाणी की एका घरास आग लागली तरी सर्व नोंदी एकदम जाऊ नयेत. आजचे संगणकतज्ज्ञ हेच तत्त्व मोठ्या उत्साहाने सांगतात. ते देशपांड्यांना ठाऊक होते एवढेच मी नम्रपणे नमूद करतो.

तरीही कागद जात. वतनाच्या तंट्यांतील करीने वाचू लागले की हे वारंवार आढळते. करीना म्हणजे वादीने वा प्रतिवादीने मांडलेली आपल्या हक्काची हकीकत. तीत पिढ्यांची नावे येतात आणि मग कोठे तरी कागदांचे दुर्दैव येते. धामधुमीत गाव पळाले, घर जळाले, पेवात पुरलेले कागद कुजले, भाऊबंदाने चोरून नेले. यांतील काही हकीकती खऱ्या असतील आणि काही सोयीस्कर असतील. न्याय करणाऱ्यांनाही हे माहीत असे. म्हणून कागद नसला की गोत जमवून महजर करीत. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार हे सारे बसत, साक्षी होत, आणि प्रत्येकजण आपली निशाणी करी. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढी. गावाच्या स्मरणातून हक्क पुन्हा कागदावर येई. आपले कागद गेले तरी आपणांस ओळखणारे गाव शिल्लक आहे, या भरवशावर ही व्यवस्था उभी होती.

तो भरवसा इंग्रजी अमलात संपला. इनाम कमिशनचे काम प्रथम दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून सुरू झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्यास पुरते बळ आले. कमिशनचा प्रश्न साधा होता: जमीन करमुक्त खाता, तर त्याचा पुरावा काय? पिढ्यानुपिढ्यांचा भोगवटा त्यास पुरेनासा झाला आणि गावाच्या आठवणीचे वजन उतरले. लक्षात घेण्याजोगे हे की, सरकारपाशी पेशव्यांचे दप्तर होते. कमिशनच्या कामासाठी ते लावून घेण्यात आले आणि घरोघरच्या सनदा त्याच्याशी ताडून पाहण्यात आल्या. एका बाजूस वर्गवारी केलेले सरकारी रुमाल, दुसऱ्या बाजूस माळ्यावरचा वाळवी लागलेला बस्ता. हजारो इनामे या तपासात गेली. १८५७ च्या क्षोभाची जी कारणे दक्षिणेत सांगितली जातात त्यांत हेही एक आहे. पुढे १८६३ च्या कायद्यांनी ठराविक रक्कम भरून हक्क कायम करून घेण्याची वाट मोकळी झाली. पण तोवर ज्यांचे जावयाचे त्यांचे गेले होते. माझे मत असे की, मराठी घरांत कागद परक्यास न दाखविण्याची जी वृत्ती पुढे दिसते तिचे मूळ बऱ्याच अंशी या अनुभवात आहे.

त्या वृत्तीशी पहिला झगडा इतिहाससंशोधकांना करावा लागला. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील १७५० ते १७६१ या काळची पत्रे वाईस एका घरात मिळाली होती. पानिपतच्या मोहिमेचे आपले ज्ञान त्या पत्रांनी पालटले. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. शाळामास्तर काय करू शकतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. नाना फडणिसांचे कागद मेणवलीच्या वाड्यातून पारसनिसांच्या हाती आले. दिल्लीस पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांचे दप्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने १९४५ पासून छापले. राज्याचे हे कागद खासगी घरांत कसे, असे विद्यार्थी विचारीत. त्याचे उत्तर असे की, त्या काळी अधिकारी कारभार आपल्या वाड्यातूनच करी, आणि कचेरीचे दप्तर व घरचे दप्तर यांच्यामध्ये भिंत नसे. राज्य गेले, पण घर टिकले म्हणून कागद टिकले.

आपल्या बडोद्याचाही या कार्यात वाटा आहे. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले, १९२५ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यानंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अल्प काळात त्यांच्या संपादनाखाली बाहेर पडले. या कामात त्यांना आणि इतरांना एक अडचण पदोपदी आली. घरगुती पत्रांवर साल नसे. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास साल माहीतच होते. मग ते लिहावे कशास? चंद्र आणि महिना लिहिला की झाले. सरकारी कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत असे, 'सलास सितैन मया व अलफ' म्हणजे ११६३, त्यात ५९९ मिळविले की १७६२ हे इसवी सन येते. त्या एका ओळीने कागद जागच्या जागी बसतो. ती नसली की संशोधकाचे महिने जातात. आज आपल्या घरातील छायाचित्रांच्या पाठी पाहाव्यात. मंडळींची नावे नाहीत, साल नाही, आणि सांगणारी आजी आता नाही.

दुसरी अडचण लिपीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून शिकविली जात होती. नंतर ती गेली. बडोद्यात तर एक पायरी आणखी आहे. पणजोबांचे कागद मोडीत, आजोबांचे बाळबोध मराठीत, वडिलांचे गुजरातीत आणि नातवाचे इंग्रजीत, अशी घरे या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांची असतील. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. प्रत्येक वळणावर कचेरीची भाषा आणि नोंदीची रीत थोडी थोडी बदलली. कागद सुरक्षित आहे, कोरडा आहे, कुलपात आहे, पण घरातील कोणालाच तो वाचता येत नाही. अशा कागदास मी जतन केलेला कागद म्हणणार नाही.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या घरांत दप्तर कर्त्या पुरुषाच्या ताब्यात असे आणि त्याचा त्यास अभिमान असे. किल्ली जानव्याला. वाटणी झाली की मूळ कागद वडील शाखेकडे राहत, धाकट्यांना नकला मिळत, कधी त्याही मिळत नसत. घरातील स्त्रियांना तर पेटी कोणती एवढेच ठाऊक. पतीच्या मागे दिरापुढे हात पसरून स्वतःच्याच घराचा कागद मागावा लागलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. गुप्तता ही सुरक्षिततेची बहीण आहे असे आपण समजत आलो. पण ज्याच्यासाठी कागद राखला त्यालाच तो सापडेनासा झाला तर राखणाऱ्याने साधले काय? २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला आहे. तरी आजही कितीतरी कुलवृत्तांतांत मुलीचा उल्लेख अर्ध्या ओळीत आटोपतो. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचे नावही बदलण्याची चाल. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बँकेत दुसरे, आणि मतदारयादीत गुजराती उच्चाराने बिघडलेले तिसरे. ही तिन्ही नावे एकाच बाईची, हे सिद्ध करणारा विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील प्रसिद्धी हाताशी नसेल तर निवृत्तिवेतनापासून वारसनोंदीपर्यंत सारे अडते.

आजच्या कुटुंबाचे दप्तर तरी कोणते? मिळकतीचे दस्त, मृत्युपत्र, विमा, ठेवी, शेअर, जन्म-विवाह-मृत्यूचे दाखले, औषधोपचारांचे कागद. त्यांतील बरेचसे आता कागदच नाहीत. २०१५ पासून सरकारच्या डिजिलॉकरमध्ये दाखले ठेवता येतात आणि ही सोय चांगली आहे. परंतु ते ज्या मोबाइलच्या क्रमांकावर उघडते तो मोबाइल वारलेल्या माणसाचाच असतो. नामनिर्देशनाविषयीही मोठा गैरसमज आहे. सर्वसाधारणपणे नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालकी वारसाहक्काने ठरते. शेअरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर जवळच्या आप्तांपुरता नियम निराळा आहे. दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती बुडत नाही, वारसास मागता येते, २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर शोधताही येते. पण शोधण्यापूर्वी अशी ठेव होती हे कोणास तरी माहीत असावे लागते.

मृत्युपत्राचे एक सांगतो. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते पुरे होते, नोंदणी सक्तीची नाही. ते एकट्याच्या नावावरील बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. लॉकर उघडण्यासाठी वारस कोण ते सांगावे लागते, आणि वारसांस काय दिले ते लॉकरमध्ये! १९०८ च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवीदाखल देण्याची सोय आहे, ती फारच थोडे वापरतात. तशी ठेव केली असेल तर तेवढे मात्र घरात दोघांना तरी सांगून ठेवावे.

घरी एक वही असावी, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. वहीत कागद नव्हे, कागदांची यादी: कोणता दस्त, त्याचा क्रमांक व तारीख, मूळ कोठे, नक्कल कोणाकडे. गुप्त संकेतशब्द वहीत लिहू नयेत. ते बंद पाकिटात, आणि पाकीट कोठे आहे एवढेच वहीत. दर दिवाळीस हिशेबाच्या वह्या बदलण्याची आपली जुनी रीत आहे, त्याच दिवशी ही यादी ताजी करावी आणि पत्नी, मुलगा, मुलगी, सून यांच्यासमोर वाचावी. वाचताना थोडे अवघड वाटते हे खरे. आणि वही तळमजल्यावरील खालच्या खणात ठेवू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा किती घरांतील फायली गच्चीवर वाळत होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ओला कागद उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर सुकवावा. प्लास्टिकच्या आवरणात चिकटवून तर कधीच बंद करू नये.

शेवटी शाळेविषयी. शाळेचे जनरल रजिस्टर हे देखील आपणा सर्वांचे दप्तरच आहे. साठ वर्षांपूर्वीच्या विद्यार्थिनीचे माहेरचे नाव आणि जन्मतारीख कित्येकदा तेथेच सापडते. त्याच्या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत अशी माझी मंडळास विनंती आहे. आणि ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी रविवारी सकाळी शाळेच्या वाचनालयात यावे. येताना छायाप्रत आणावी, मूळ कागद घरीच असू द्यावा. माझ्या डोळ्यांना झेपेल तोवर मी ते वाचून बाळबोधीत उतरवून देईन. ती नक्कल आपण मुळाच्या रुमालात ठेवावी.