भित्ती आणि पटल

जीवाणुनाशक द्रव्यांविषयी मराठीत लिहिताना ‘पेशीभित्ती’ व ‘पेशीपटल’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. हा दोष केवळ शैलीचा नव्हे. त्यामुळे या विषयाच्या इतिहासाचे मर्मच हरवते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पुढील वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनचा आघात भित्तीवर होतो. वाढत्या जीवाणूस भित्ती नीट बांधता येत नाही आणि आतील दाबाने तो फुटतो. मानवी पेशीस भित्तीच नाही. त्याच संस्थेतून १९६१ मध्ये तिरुमलाचार प्रभृतींनी हॅमायसिन पुढे आणले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या एका गावाचे नाव असे लॅटिन वेष घेऊन शास्त्रात वावरते आहे! हॅमायसिन मात्र पटलास भिडते. बुरशीच्या पटलातील एर्गोस्टेरॉलशी ते जखडले जाते व पटल गळू लागते. जीवाणूंच्या पटलात बहुधा स्टेरॉल नसते. म्हणून त्यांचे काही बिघडत नाही.

जीवाणूचे पटल भेदणारी द्रव्येही होतीच. १९३९ मध्ये द्युबो यांनी मातीतील जीवाणूपासून टायरोथ्रिसिन मिळविले. त्यातील ग्रॅमिसिडिन व टायरोसिडिन ही पेप्टाइडे, म्हणजे अमीनो आम्लांच्या लहान साखळ्या होत. परंतु ती तांबड्या रक्तपेशीही फोडीत. त्यामुळे त्यांचा उपयोग वरून लावण्यापुरताच राहिला. भित्ती जीवाणूस आहे, आपणास नाही. पटल मात्र दोघांसही आहे.

ही अडचण निसर्गाने कशी सोडविली, हे १९८७ मध्ये झॅस्लॉफ यांच्या शोधाने स्पष्ट होऊ लागले. शस्त्रक्रिया केलेले आफ्रिकी बेडूक अस्वच्छ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नसत. त्यांच्या त्वचेत २३ अमीनो आम्लांची पेप्टाइडे सापडली. ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांस ‘मॅगेनिन’ म्हटले गेले. वस्तुतः हे शस्त्रच आहे. त्यावर धन विद्युत्भार असतो. जीवाणूच्या पटलाचा बाह्य थर ऋणभारित, आपल्या पेशींचा बहुतांशी उदासीन; म्हणून पेप्टाइड जीवाणूकडेच ओढले जाते. पटलास स्पर्श होताच ते मळसूत्राकार होते, त्याची जलविरोधी बाजू मेदात रुतते, आणि पुरेसे रेणू जमले की छिद्रे पडून आतील आयन वाहून जातात.

अशा पेप्टाइडांना दाद न देणारे काही जीवाणू आज आढळतात. त्यांनी पटलातील मेदांचा ऋणभार कमी केलेला असतो. येथे ‘भित्ती’ वाचणारा विद्यार्थी हा बदल नको तेथे शोधीत बसेल.