रबराचे प्रबलन
रबरात अतिसूक्ष्म घन कण मिसळून त्याचे ताणबल, तसेच फाटण्यास व झिजण्यास होणारा त्याचा विरोध वाढविण्याच्या क्रियेस रबराचे प्रबलन म्हणतात. त्यासाठी वापरावयाच्या पदार्थांना प्रबलक भरणद्रव्ये म्हणतात. कार्बन ब्लॅक या नावाने ओळखली जाणारी काजळी ही त्यांपैकी सर्वांत महत्त्वाची होय. तिच्या मूळ कणांचा व्यास सामान्यतः १० ते १०० नॅनोमीटर असतो (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश).

चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यानंतर रबराचा औद्योगिक वापर वाढला. त्यात चिकणमाती, खडूची पूड इ. पदार्थ मुख्यतः किंमत कमी करण्यासाठी, तर काजळी रंगासाठी मिसळीत. मोटारींचे आरंभीचे टायर झिंक ऑक्साइडामुळे पांढरट दिसत. १९०४ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात एस. सी. मोट यांना काजळीचा प्रबलक गुण आढळला. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत ती टायरांत वापरली जाऊ लागली. परिणामी रस्त्यावर घासला जाणारा थर अनेक पटींनी अधिक टिकू लागला व टायर काळे झाले.

या गुणाचे कारण मात्र दीर्घकाळ अस्पष्ट होते. तो कणांच्या एकूण पृष्ठफळाशी निगडित असल्याचे डब्ल्यू. बी. वीगँड यांनी १९२० च्या सुमारास दाखविले. तथापि साध्या सूक्ष्मदर्शकातून हे कण दिसत नसत. १९४० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे त्यांचे आकारमान प्रत्यक्ष मोजता आले. टायरासाठी वापरल्या जाणाऱ्या १ ग्रॅम काजळीचे पृष्ठफळ सु. १०० चौ. मी. असते. या पृष्ठभागाला रबराचे लांब रेणू चिकटतात. मूळ कण एकमेकांस जोडले जाऊन फांद्यांसारखे पुंज बनतात व त्यांच्या पोकळ्यांत रबर अडकते. त्यामुळे ताण अनेक रेणूंत विभागला जातो आणि चीर सहज पसरत नाही.

प्रबलनाचे खरे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात प्रत्ययास आले. १९४२ मध्ये जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकल्यामुळे दोस्त राष्ट्रांना नैसर्गिक रबर मिळेनासे झाले. त्याऐवजी अमेरिकेने स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे उत्पादन वाढविले. नैसर्गिक रबर ताणले असता त्याचे अंशतः स्फटिकीभवन होऊन ते बळकट बनते. या कृत्रिम रबरात तसे होत नाही. त्यामुळे भरणद्रव्याविना ते टायरांसाठी निरुपयोगी ठरते. त्याच्या १०० भागांत सु. ५० भाग काजळी घातल्यास ताणबल जवळजवळ दसपट होते. नैसर्गिक वायूच्या ज्योतीपासून काजळी मिळविण्याच्या जुन्या पद्धतीत बहुतेक कार्बन वाया जाई. १९४३ मध्ये टेक्सस राज्यातील बोर्गर येथे तेलापासून भट्टीत काजळी तयार करण्याची पद्धत सुरू झाली. पुढे तीच सर्वत्र रूढ झाली.

प्रबलनास एक मर्यादाही आहे. रबर वारंवार वाकले असता कणांचे जाळे मोडते व पुन्हा जुळते आणि त्यात ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ए. आर. पेन यांनी १९६० नंतरच्या दशकात याचा सविस्तर अभ्यास केला. टायरांत या ऱ्हासामुळे इंधन अधिक लागते. सिलिकेचे सूक्ष्म कण सिलेन संयुगाच्या द्वारे रबराशी जोडल्यास तो कमी होतो. मिशेलिन कंपनीने असे टायर १९९२ मध्ये बाजारात आणले. तरीही एकूण वापरात काजळीचे अग्रस्थान कायम आहे.