‘बेसिक’ कधी सोडायची?

शाळेच्या संगणकखोलीत चपला बाहेर काढून जावे लागे, हे कुणी विसरले नसेल. तिथे एका संगणकासमोर तिघी-तिघी बसून आम्ही जीडब्ल्यू-बेसिक शिकलो. वर्गाची टक्केवारी काढणारा माझा पहिला प्रोग्राम चालला आणि सगळा वर्ग शून्य टक्क्यांवर आला! बेरजेच्या नावातले एक अक्षर मी एका ओळीत गाळले होते. शुद्धलेखनाच्या वहीत त्यावर लाल गोल पडला असता. बेसिकने मात्र ते नवेच नाव समजून त्याची किंमत शून्य धरली आणि मुकाट्याने ती पुढे गेली.

हा मोकळेपणा तिच्या जन्मातच होता. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ साली बेसिक तयार केली, ती विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. नवशिक्याच्या वाटेत अटी कमीत कमी हव्या होत्या.

१९७० मध्ये झुरिकच्या निक्लाउस विर्थ यांची पास्कल आली. तिच्यात प्रत्येक नाव आधी नोंदवायचे आणि त्यात पूर्णांक राहणार, अपूर्णांक की अक्षर, तेही सांगायचे. माझी चूक पास्कलच्या कंपायलरने प्रोग्राम चालण्याआधीच पकडली असती. १९७५ साली एड्सखर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांनी तर लिहिले की, बेसिक शिकलेल्यांना चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळजवळ अशक्य आहे. इंजिनिअरिंगला असताना हे वाचून मन खट्टू झाले. म्हणजे शाळेने आमचे नुकसानच केले की काय?

पुढचा इतिहास तसे सांगत नाही. १९९५ ची जावास्क्रिप्टही अशीच सैल. वेबपानांतल्या छोट्या कामांसाठी ती आली आणि तिच्यावर प्रचंड प्रणाली उभ्या राहिल्या. मग २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट आणली. तिचे प्रमुख रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग हे टर्बो पास्कलचेही कर्ते! जुना प्रोग्राम टाकून न देता त्यात हळूहळू प्रकार नोंदवत जायची सोय त्यांनी ठेवली. पायथनमध्येही २०१५ पासून अशा नोंदींची प्रमाण पद्धत आली.

‘मुलांना आधी काय शिकवू?’ असे तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. प्रोग्राम एका पडद्यावर मावतो आणि लिहिणाराच तो वापरतो, तोवर सैल भाषा पुरते. सहा महिन्यांनी उघडल्यावर एखाद्या नावात काय साठवले आहे ते आपल्यालाच आठवेना, किंवा दुसऱ्या कुणाला त्यात बदल करावा लागला, की प्रकार सांगणाऱ्या भाषेकडे जावे.

त्या दिवशी संगणकाच्या बाईंनी माझी चूक दाखवली नाही. प्रोग्राम छापून हातात दिला आणि म्हणाल्या, ‘शोध.’ दोन तास गेले. कॉलेजात पास्कलमध्ये नावे नोंदवताना बाकीचे कुरकुरत होते. मला त्याचे कारण कुणी समजावून सांगावे लागले नाही.